साखळीतला एक सामना आणि दादाचा गुडघा

तो सामना झाला नसता तरी कुणाचं काही बिघडलं नसतं. हे मी आधीच सांगून टाकते. आमच्याकडे लोक ही गोष्ट मधूनच सुरू करतात, हलगीपासून, गर्दीपासून, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की त्या संध्याकाळी काहीतरी फार मोठं पणाला लागलं होतं. पणाला लागलं होतं ते एकट्या माझ्या भावाचं, आणि त्याचा गुणफलकाशी काहीही संबंध नव्हता.

स्पर्धा कबड्डीची. मारुंजीहून कासारसाईकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बिल्डरने पत्रे ठोकून ठेवलेला रिकामा प्लॉट आहे, तिथे मॅट टाकली होती. आठ संघ, दोन गट, प्रत्येक गटातले पहिले दोन उपांत्य फेरीत. आमच्या गटात आमचं गाव आणि धरणाच्या अंगाचं एक गाव हे दोघे तगडे. दोघांनीही बाकीच्या दोन संघांना धुऊन काढलं होतं. म्हणजे आमचा आपसातला साखळी सामना व्हायच्या आधीच आम्ही दोघेही पुढे गेलेलो. हरणारा बाहेर जाणार नव्हता, जिंकणाऱ्याला चषक मिळणार नव्हता. ठरणार होतं ते एवढंच, की गटात पहिलं कोण आणि दुसरं कोण. पलीकडच्या गटातून आलेले दोन्ही संघ सारख्याच ताकदीचे, त्यामुळे पुढे गाठ कुणाशी पडते यानेही फरक पडत नव्हता.

पण फ्लेक्स बघा. हिंजवडीच्या चौकापासून लागले होते. 'महामुकाबला'. 'आता होऊन जाऊ द्या'. दोन्ही संघांच्या कर्णधारांचे चेहरे समोरासमोर, मागे आगीच्या ज्वाळा, आणि त्यांच्या दुप्पट आकारात हात जोडलेला एक इसम, ज्याच्या नावाआधी 'भावी' लिहिलेलं. पुढे काय भावी, ते प्रत्येक फ्लेक्सवर वेगळं होतं. एक फ्लेक्स तर आमच्या वळणावरच्या खांबाला असा बांधला होता की समोरून येणारा टँकर दिसेना. मी तो काढायला गेले, तर दोन पोरं गाडीवरून उतरून म्हणाली, "ताई, सामना झाल्यावर काढा. तवर ॲक्सिडेंट झाला तर आमी बघू." काय बघणार होते कोण जाणे.

आमची पाच-सहा जणांची एक संघटना आहे, आम्ही पत्रकं काढतो. शाळेचं मैदान पार्किंगला दिलं त्याविरुद्ध काढलं, टँकरच्या पाण्यावर काढलं. पत्रकात एक सवय लागते: या गोंधळात फायदा कुणाचा आणि मार कुणाला, हे आधी विचारायचं. महामुकाबल्यात फायदा फ्लेक्सवाल्याचा होता, मोबाइलवर सामना थेट दाखवणाऱ्या पोराचा होता, भावीचा होता, आणि ज्याच्या प्लॉटची अशी फुकट जाहिरात होत होती त्या बिल्डरचा होता. मार कुणाला, हे मला तेव्हाच दिसत होतं. तो आमच्या ओट्यावर बसून गुडघ्याला बर्फाची पिशवी लावत होता.

दादा आमच्या संघाचा डावा कोपरा. चढाई करणारा आत घुसला की त्याचा घोटा धरायचा, हे त्याचं काम. त्याच्यापेक्षा जुना खेळाडू संघात नव्हता. आधीच्या सामन्यात त्याचा गुडघा मुरगळला. हाडांच्या डॉक्टरांनी दाबून बघितलं आणि सांगितलं, फार काही नाही, पण तीन आठवडे पायावर जोर नको. सांभाळलात तर पळाल. नाही सांभाळलात तर मला सांगायला येऊ नका.

पळायचं कुठे, तर पोलीस भरतीत. मैदानी चाचणी महिन्याभरावर आली होती. दादाने याआधी प्रयत्न केले होते, एकदा लेखीत गेला, एकदा गोळाफेकीत. वयाच्या अटीत बसण्याचं हे शेवटचं वर्ष. आमची जमीन वडिलांच्याच काळात गेली. उरलेल्या तुकड्यावर खोल्या बांधल्या आणि कंपन्यांत कामाला येणाऱ्यांना भाड्याने दिल्या. लोकांना वाटतं, खोल्या आहेत म्हणजे चैन आहे. खोल्या आईच्या नावावर आहेत, आणि दादाचं काम म्हणजे पाण्याची मोटार चालू करणं, तुंबलेलं गटार काढणं आणि भाडेकरूंचं ऐकून घेणं. त्याला स्वतःचं काहीतरी हवं होतं. वहिनीला तर त्याच्यापेक्षा जास्त हवं होतं. ती रोज पहाटे त्याच्याआधी उठून त्याला उठवायची, तो पळून येईपर्यंत भिजवलेले हरभरे आणि अंडी तयार ठेवायची. लग्न झाल्यापासून तिने तेच केलं होतं.

वहिनीचं माहेर म्हणजे ते धरणाच्या अंगाचं गाव. तिचा धाकटा भाऊ त्यांच्या संघाचा मुख्य चढाईपटू. त्यामुळे आमच्या घरी महामुकाबल्याची चेष्टा आठवडाभर चालू होती. तो येता-जाता थांबायचा, चहा प्यायचा आणि दादाला डिवचायचा.

"दाजी, गुडघा बरा व्हऊ द्या. न्हाईतर मी कुणाला हुलकावणी देऊ? बाकीची पोरं नुसती उभी असत्यात."

दादा म्हणायचा, "पाव्हणं, चहा प्या आन घरी जावा. बहिणीच्या घरी येऊन लई बोलू नये."

तोवर सगळं ठीक होतं. दादाने ठरवलं होतं की तो खेळणार नाही, आणि तसं तात्यांना सांगितलंही होतं. तात्या म्हणजे आमचे थोरले चुलते. वडील गेल्यापासून घरातले मोठे तेच, आणि गावच्या संघाचं सगळं बघणारेही तेच. कपडे, गाडी, जेवण, भांडणं, सगळं. ते काही वाईट माणूस नाहीत. मला त्यांच्याबद्दल चीड आहे, पण ती वाईट माणसाबद्दल असते तशी नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी ते घरी आले. वरच्या खोलीतला भाडेकरू, लातूरकडचा, एका कंपनीत काम करणारा, सुटी म्हणून ओट्यावर बसला होता. त्याला फुटबॉलचं वेड. परदेशी संघांचे सामने मोबाइलवर बघतो. त्याने सहज विचारलं,

"तात्या, उद्या हरलात तर बाहेर जाता का?"

"न्हाई."

"जिंकलात तर कप?"

"कप फायनलला आसतो."

"मग उद्या नेमकं मिळतं काय?"

"इज्जत," तात्या म्हणाले.

"ती आज नाहीये का?"

तात्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुमचं गाव कुटलं?"

"लातूरकडं."

"मग तुमाला न्हाई कळायचं. तुमी रूमवर ऱ्हाता. आमाला शेजारच्या गावात लग्नाला जायचं आसतं, मयताला जायचं आसतं. तितं पयला कोण आन दुसरा कोण ह्येच बोलत्यात लोकं."

भाडेकरू हसला. मग म्हणाला की खरं तर त्याचंही तसंच आहे. मागच्या हंगामात दोन अव्वल संघांचा लीगमधला सामना होता, महिनाभर आधीपासून सगळीकडे तेच. त्याने ऑफिसमध्ये खोटं सांगून रजा टाकली, मित्रांशी भांडला, एकाशी तर अजून बोलत नाही. हंगाम संपला तेव्हा कळलं की तो सामना कसाही लागला असता तरी चषक त्याच संघाकडे गेला असता. "पण त्या दिवशी असं वाटत होतं की जग इथंच ठरणार आहे," तो म्हणाला.

"वाटतं न्हवं? मग झालं," तात्या म्हणाले.

मी म्हटलं, "वाटण्यावर गुडघा जोडून मिळत नाही."

"पोरी, त्येला खेळ म्हणतोय कोण?" तात्या म्हणाले. "त्यो खेळणार न्हाई, ह्ये ठरलंय. माझं येवढंच म्हणणं हाय, का त्यानं नारळ फोडावा. संघात सगळ्यात जुना त्यो. त्याच्या हातनं नारळ न्हाई फुटला तर पोरं म्हणतील, दादाला येवढंबी न्हाई झालं. नारळ फोडायचा, खुर्चीत बसायचं, पोरांना चार शब्द सांगायचं. बस."

वहिनी दारात उभी होती. तिने विचारलं, "निस्ता नारळ?"

"निस्ता नारळ."

सगळ्यांनाच ते बरं वाटलं. मान राहील आणि पायही राहील. दादाच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी जरा मोकळं दिसलं.

आमच्या गावात मॅटवर उतरण्याआधी नारळ फोडायचा तो सगळ्यात जुन्या खेळाडूने. ही एक रीत. आणि ज्याने नारळ फोडला तो बाहेर बसत नाही, ही दुसरी. या दोन वेगळ्या रीती आहेत हे तोवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, कारण सगळ्यात जुना खेळाडू नेहमी खेळतच असायचा. तात्यांना ते माहीत असून त्यांनी डाव टाकला, असं मला वाटत नाही. आमच्या घरातल्या एकालाही ते सुचलं नाही. दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसाने ही चूक केलीच नसती, कारण त्यांच्याकडे नारळ कुणीही फोडतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्लॉट भरला. लोखंडी पाइपांच्या गॅलऱ्या, समोरच्या सोसायटीच्या बाल्कन्यांतून मोबाइल धरून उभी माणसं, वर घिरट्या घालणारा ड्रोन. बायकांसाठी एका कोपऱ्यात खुर्च्या होत्या, तिथे मी बसले. वहिनी आली नाही. "कुणाच्या बाजूनं बसू, वन्सं?" म्हणाली. ती वरच्या भाडेकरूच्या मोबाइलवर बघणार होती, जिन्यात बसून.

दादाने संघाचा बनियन घातला होता, खाली लांब ट्रॅक पँट. बारा जणांच्या यादीत त्याचं नाव घातलं होतं, नाहीतर पंचांनी त्याला संघाजवळ बसू दिलं नसतं. त्याने नारळ फोडला. मॅटच्या चारही कोपऱ्यांवर पाणी शिंपडलं, खोबऱ्याचा एकेक तुकडा पोरांच्या हातावर ठेवला, आणि जाऊन खुर्चीत बसला. टाळ्या पडल्या.

मध्यंतरापर्यंत आम्ही जरा पुढे होतो. मग वहिनीच्या भावाने दोन चढायांत आमची उरलेली पाच पोरं बाद केली. त्यात दादाच्या जागी खेळणारा नवा पोरगा सगळ्यात आधी त्याच्या हुलकावणीला फसला. आमच्यावर लोण चढला, म्हणजे सातच्या सात बाद, आणि फलकावर ते बरेच पुढे निघून गेले.

चढाई करून परत जाताना तो दादाच्या खुर्चीसमोर थांबला. रोज ओट्यावर थांबायचा तसाच.

"दाजी, खुर्ची गरम झाली का?"

त्याच्या गावची पोरं हसली. त्यातला कुणीतरी मागून म्हणाला, "नारळ फोडलाय आन बसलाय."

ते वाक्य गॅलरीत पसरायला वेळ लागला नाही. आधी त्यांच्या बाजूने आलं. मग आमच्या बाजूने. आमच्याच गावचा एक म्हातारा शेजारच्याला विचारत होता, "आरं खरंच की. नारळ कुणी फोडला? मग त्यो बसलाय कसा?" त्याच्या आवाजात राग नव्हता. काहीतरी मोजण्यात चुकलं असावं, तसा तो विचारत होता. ते मला सगळ्यात भीतीदायक वाटलं.

मग माइकवरच्या निवेदकाच्या कानावर ते गेलं. त्याला रोजंदारीवर पुण्याहून आणलेलं. त्याला आमची रीत माहीत नव्हती, गुडघा माहीत नव्हता, भरती माहीत नव्हती. त्याला फक्त वाक्य मिळालं. "रसिकहो, ज्या हातांनी श्रीफळ वाढवलं, ते हात मैदानात दिसणार का, हाच या महामुकाबल्यातला सर्वात मोठा प्रश्न." त्याने ते तीनदा म्हटलं. हलगी वाजायला लागली.

मी बायकांच्या कोपऱ्यातून उठले आणि मॅटला वळसा घालून त्याच्या खुर्चीपाशी गेले. तात्या तिथेच उभे होते. ते काही बोलत नव्हते. बोलले असते तर मला भांडता आलं असतं.

"दादा, हरलो तरी आपण पुढं जातोय," मी म्हटलं.

"म्हायती हाय मला."

"मग?"

"त्यांनाबी म्हायती हाय." त्याने गॅलरीकडे मान केली. "हितं कुणाला म्हायती न्हाई?"

"मग बस ना."

"नारळ मी फोडलाय."

त्याने ट्रॅक पँट काढली. आत खेळायची चड्डी होती. घरून निघतानाच ती घातली होती, म्हणजे सकाळपासून त्याच्या मनात काहीतरी होतं, असं वहिनी आजही म्हणते. मला ते पटत नाही. इतकी वर्षं खेळलेला माणूस बनियन घालताना चड्डीही घालतो, त्याला हात विचारत नाहीत.

तात्या फक्त एवढंच म्हणाले, "बघ बाबा, तुझ्यावर हाय." त्यांना वाटलं असेल, आपण जबरदस्ती केली नाही.

दादा आत उतरला तेव्हा लंगडत नव्हता. त्याने दोन पकडी केल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी, आणि आम्ही जवळ येत गेलो. प्लॉटवरचा आवाज इतका वाढला की समोरच्या सोसायटीतली लहान मुलं रडायला लागली. शेवटची चढाई वहिनीच्या भावाची. ते एका गुणाने पुढे होते. त्याला नुसतं वेळ काढून परत जायचं होतं. तो दादाच्या कोपऱ्याकडे गेलाच नसता तरी चाललं असतं. पण तो गेला. दोघांनाही तो घोटा हवा होता.

दादाने घोटा धरला. तो दादासकट ओढत रेषेकडे निघाला, आमची चार पोरं त्याच्यावर पडली, आणि त्या ढिगाच्या खाली दादाचा पाय दुमडून राहिला. शिट्टी झाली. एकेक करून सगळे उठले. दादा उठला नाही, आणि त्याने घोटाही सोडला नाही. त्याचा चेहरा मॅटमध्ये होता. काय झालंय ते सगळ्यात आधी कळलं वहिनीच्या भावाला, कारण त्याचाच पाय त्या मुठीत होता. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला,

"दाजी, सोडा. आउट झालोय मी. दाजी, सोडा आता."

त्याने एकेक बोट उलगडून आपला पाय सोडवून घेतला. माइकवर तोवर वाघ, जबडा आणि शिकार असं काहीतरी चालू होतं. दादाला उचलून नेताना निवेदकाने जोरदार टाळ्या मागितल्या आणि त्या मिळाल्या. डॉक्टर नव्हता. रुग्णवाहिका नव्हती. ड्रोन होता. ज्या टेम्पोतून स्पीकर आले होते त्याच टेम्पोत त्याला झोपवलं, आणि टेम्पो बाहेर काढायला रस्त्यावरच्या गाड्या हलवाव्या लागल्या. वहिनीचा भाऊ त्यांच्या संघाच्या कपड्यांतच टेम्पोत चढला आणि दवाखान्यापर्यंत दादाचं डोकं मांडीवर धरून बसला. घरी वहिनीने ते सगळं मोबाइलवर बघितलं होतं. नवऱ्याचा पाय दुमडलेला, भावाचा पाय त्याच्या हातात, आणि बाजूने लोकांच्या आगीच्या आणि टाळ्यांच्या खुणा वर सरकत चाललेल्या.

सामना बरोबरीत सुटला. दोघांना सारखे गुण. मग आधीच्या सामन्यांतल्या गुणांचा फरक काढला, त्यात ते पुढे होते, म्हणून गटात पहिले तेच. म्हणजे दादा उतरला नसता तरी तेच पहिले आले असते. उपांत्य फेरीत दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो. अंतिम सामन्यात ते हरले. चषक महाळुंग्याकडच्या एका संघाने नेला, ज्याच्या एकाही सामन्याचा कुणी फ्लेक्स लावला नव्हता.

गुडघ्यातला बंध तुटला होता. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. भरतीची तारीख पुढे ढकलून मिळत नाही. आम्ही अर्ज करून बघितला, मी स्वतः दोन ठिकाणी जाऊन बसले. तिथल्या माणसाने विचारलं, "कर्तव्यावर असताना लागलं का?" मी म्हटलं, तो अजून कर्तव्यावर लागायचाय. "मग कसं होणार, ताई," तो म्हणाला. बरोबरच होतं त्याचं.

तरी दादा ऑपरेशन न करताच मैदानी चाचणीला गेला. जाऊ नको म्हणायची आमच्यापैकी कुणाची हिंमत झाली नाही. वहिनीने नेहमीसारखं पहाटे उठवलं, गुडघ्याला पट्टी बांधली, अंडी उकडून डब्यात दिली. मी त्याला स्कूटीवर घेऊन गेले. बाहेर जाळीपाशी पोरांचे बाप, भाऊ, बायका उभ्या होत्या, मी त्यांच्यात उभी राहिले. आतून पोरं छातीवर नंबर लावून रांगेत निघाली. बहुतेक दादापेक्षा लहान. सोळाशे मीटर. पहिल्या वळणापर्यंत तो सगळ्यांबरोबर होता. दुसऱ्या वळणावर तो शेवटचा होता. मग तो पळत नव्हता, चालत होता, आणि मग तो धावपट्टीच्या आत गवतावर जाऊन बसला. जाळीपासून जवळच. कुणी रडलं-बिडलं नाही. शेजारची एक बाई म्हणाली, "बिचारा," आणि परत आपल्या पोराकडे बघायला लागली.

एक हवालदार त्याच्याजवळ गेला. चांगला माणूस असावा, त्याने त्याला हाताला धरून उठवलं. पट्टी बघून विचारलं, "कशानं झालं?"

"कबड्डी."

"फायनल होती का?"

दादाने पट्टी सारखी केली. "व्हय," म्हणाला. "फायनल."

"मग काय," हवालदार म्हणाला, आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

परत येताना तो मागे पाय लांब करून बसला होता. वाकडच्या पुलाखाली सिग्नलला मी विचारलं, खोटं कशाला सांगितलंस.

"मग काय सांगू? गटातला सामना, दोगंबी आधीच पुढं गेल्यालं, आसं सांगू? हसला असता त्यो."

"हसू दे की."

"तुला चालंल. मला ह्या पायावर चालायचंय."

त्यानंतर मी एक पत्रक लिहिलं. मॅटजवळ डॉक्टर असल्याशिवाय सामना नको, ज्याच्या निकालाने काहीच ठरत नाही असा सामना गाजवू नका, जखमी खेळाडूचं नाव यादीत घालू नका. गेल्या हंगामातलं उदाहरण दिलं होतं, ओळख न देता. दादाने वाचलं. सगळं बरोबर आहे म्हणाला. फक्त तो सामना साखळीतला होता हे काढ, म्हणाला. मी म्हटलं, ते काढलं तर पत्रकात उरतं काय? त्याने कागद परत दिला आणि मोटार चालू करायला गेला. जिना तो आता एकेक पायरी करून चढतो. पत्रक मी साखळीतल्या सामन्यासकट छापलं. त्यावर तो माझ्याशी बरेच दिवस बोलला नाही, आणि मी ते ओढवून घेतलं हे मला मान्य आहे, पण खोटं छापलं नाही.

या वर्षी स्पर्धा जवळ आली तसे तात्या घरी आले. उद्घाटनाला दादाचा सत्कार ठेवायचं चाललं होतं. शाल, फेटा, सन्मानचिन्ह. "येवढा सामना दिला त्यानं गावाला," तात्या म्हणाले. "लोकं अजून नाव काढत्यात. पयला नंबर काय उगंच मिळतो?"

वहिनीने त्यांच्यासमोर चहा ठेवला. ती तात्यांसमोर कधी जास्त बोलत नाही.

"तात्या, गटात पयलं कोण आलं व्हतं?"

"आपुनच की."

"न्हाई."

तात्यांनी कप उचलला होता. त्यांनी दादाकडे बघितलं. दादा खाली बघत होता.

"आपुनच आसू," तात्या म्हणाले. "सामना तर आपुनच मारला न्हवं?"

"बरोबरी झाली व्हती," वहिनी म्हणाली. "पयलं माज्या माहेरचं आलं. तुमाला आठवत न्हाई."

"आसंल बाई. इतकं कुणाच्या ध्यानात ऱ्हातंय?"

"आमच्या ऱ्हातंय," ती म्हणाली, आणि सत्काराला जायचं की नाही ते दादाने सांगायची वाट बघत दारातच उभी राहिली. दादाने गुडघा हाताने धरून सरळ केला. "किती वाजता हाय?" त्याने तात्यांना विचारलं.